देवी, दारू आणि परवाना



आजचा विषय जरा नाजूक आहे. पण सत्तरी ओलांडली की नाजूक विषयांवर बोलायचा हक्क माणसाला आपोआप मिळतो, असे मी समजतो. विषय दारूचा आहे. उपदेशाचे डोस पाजणार नाही, घाबरू नका. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे समोर काहीही आले की ते कुठून आले, हे आधी बघायची खोड जडली आहे. तेवढेच करणार आहे.

सुरुवात एका सरकारी कागदापासून करू. आपल्या महाराष्ट्रात विदेशी मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला कायद्याने परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, एक वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो! पिणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हा प्रश्न इथे नको. मला गंमत वाटते ती त्या परवान्यामागच्या कारणाची. परवाना दिला जातो तो प्रकृती जपण्यासाठी आणि राखण्यासाठी. मौजेसाठी नाही, मित्र जमले म्हणून नाही, दुःख विसरायला तर नाहीच नाही. म्हणजे सरकारदप्तरी प्रत्येक परवानाधारक हा एक प्रकारे औषध घेणारा माणूस आहे. आणि हा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो त्याचे नाव काय? तर दारूबंदी कायदा! १९४९ साली तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे.

हसू येते खरे. पण या कारणामागे आपल्या भागाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. दारूने माणसाच्या शरीराचे आणि संसाराचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पिणाऱ्याला सोडून इतरांनीच दिले. कधी महसूल खात्याने, कधी गुत्तेवाल्याने, कधी पोलिसाने. एकदा मात्र पिणाऱ्या माणसांनीच ते उत्तर दिले आणि तेही आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर. आपल्या मुलाबाळांना ही हकीकत ठाऊक नसते. पाठ्यपुस्तकातही मला ती कधी शिकवायला मिळाली नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

आधी जुन्या काळाकडे जाऊ. वसई तालुक्यात पश्चिमेला वाड्या, केळी, पानवेली, माड आणि ताड. पूर्वेला रेल्वे ओलांडून आमच्या वालीवकडे आलात की तुंगारेश्वरचा डोंगर आणि जंगल. पश्चिमेकडे ताडाची ताडी, पूर्वेकडे मोहाच्या फुलांची दारू. ताड छेदून रस काढणे हा भंडारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. भल्या पहाटे उतरवलेली ती नीरा, दिवस चढला की आंबून तिचीच ताडी. ताडी ही नुसती पिण्याची वस्तूही नव्हती. वसईच्या ख्रिस्ती घरांत फुगे करायचे तर पीठ ताडी घालून आंबवत. मोहाचेही तसेच. चैत्राच्या सुमारास फुले पडली की आदिवासी बायका ती टोपल्यांनी वेचून आणत, वाळवून ठेवत. पावसाळ्यात घरात दाणा नसला की हीच फुले शिजवून खात. त्यातूनच घरच्या घरी दारूही गाळत. ती देवाला लागे, लग्नाला लागे, मयतालाही लागे.

जुने ते सगळे सोने, असे मला म्हणायचे नाही. तेव्हाही माणसे पिऊन पडत असतील, बायकांना मारत असतील. पण दोन गोष्टी होत्या. ताडी सौम्य, तिच्यात मद्यार्क साधारण चार-पाच टक्के. आणि ती वस्तू झाडाची, हंगामाची होती. तिला रोकड लागत नसे. म्हणून पिण्याला आपोआप एक कुंपण होते.

हे कुंपण मोडले ते सरकारने. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. घरी दारू गाळणे गुन्हा ठरले. विक्रीचा हक्क मक्त्याने द्यायचा आणि मोठ्या भट्ट्यांत गाळलेली दारूच दुकानांतून विकायची, अशी पद्धत बसवली. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या बाजूला उरणच्या भट्ट्या त्या काळात प्रसिद्ध होत्या. ताडाच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि तो वाढत गेला. १८९२ साली तर खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा केला. जे फूल गरिबाच्या पोटाला आधार होते, त्याच्या साठवणीवर आणि विक्रीवर सरकारी बंधन आले! का, तर त्या फुलांतून घरी दारू गाळली की सरकारचा महसूल बुडतो.

आता याचा प्रकृतीवर काय परिणाम झाला असेल, ते पाहा. सौम्य ताडी महाग झाली आणि घरच्या मोहाच्या जागी दुकानातली कडक दारू आली. झाडाची वस्तू दुकानाची झाली, म्हणजे तिला पैसा लागू लागला. आदिवासी मजुराकडे पैसा कुठला? मग उधारी आली. पुष्कळ ठिकाणी दुकानदार तोच सावकार आणि तोच जमीनदार. खावटीचे धान्य त्याच्याकडूनच, दारूही त्याच्याकडूनच. त्यापायी जमीन गेली आणि शेवटी माणूसही गहाण पडला. लग्नासाठी कर्ज काढून ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे धन्याकडे राबणाऱ्याला आपल्या भागात ‘लग्नगडी’ म्हणत. त्या लग्नखर्चातला मोठा वाटा दारूचा असे. दारूने यकृत बिघडते हे शास्त्र नंतर आले. दारूने जमीन जाते, हे शास्त्र आपल्या पाड्यांना फार आधी कळले होते.

याच सुमारास पुण्या-मुंबईकडची शहाणी मंडळी काय करत होती? पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असलेल्या महात्मा फुल्यांनी १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढवण्याला विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तो प्रयोग पाहायला गडकरी स्वतः नव्हते, त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच ते वारले होते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. पण त्या नाटकातला सुधाकर वकील आहे. तो अपमानाच्या दुःखात पहिला प्याला घेतो. आपल्या डहाणू-पालघरच्या वारल्याला, मांगेल्याला दुःख विसरायला वेगळा प्याला लागत नव्हता. तो रोजचाच होता आणि तो मांडणारे नाटक कुणी लिहिलेले नव्हते.

आणि मग १९२२ साली ‘देवी’ आली.

डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकाराने या चळवळीवर एक ग्रंथ लिहिला आहे, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांनी ही कथा गोळा केली. तिचा उगम त्यांना सापडला तो पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत. तिथे देवीची साथ आली होती. देवी म्हणजे तो जुना जीवघेणा रोग. ज्यांच्या दंडावर लहानपणी लस टोचल्याचा वण आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. साथ आली की देवीला शांत करायचे, तिचा उत्सव करायचा, ही जुनी रीत. तशीच ती याही वेळी सुरू झाली. बायकांच्या अंगात देवी येऊ लागली. पण या वेळी ती नुसता नवस मागत नव्हती. ती सांगत होती, ताडी सोडा, दारू सोडा, मांस-मासे सोडा.

मासेमारी करणाऱ्यांना मासे सोडायला सांगणारी देवी! मला ही गोष्ट फार विचार करायला लावते. पुढे ही लाट किनाऱ्यावरून आत जंगलात शिरली. वारली, कोकणा, धोडिया अशा समाजांत पसरत उत्तरेला धरमपूरकडे गेली आणि १९२२ च्या शेवटी शेवटी सुरत जिल्ह्यात पोहोचली. तिथे तिला ‘सलाबाई’ म्हणत. मांडव घालायचा, शेकडो माणसे जमायची, अंगात आलेला माणूस घुमायचा आणि देवीच्या आज्ञा सांगायचा. दारू-ताडी पिऊ नका. रोज अंघोळ करा. घर-अंगण स्वच्छ ठेवा. आणि दारू विकणाऱ्यांच्या, ताडी काढवून घेणाऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ नका. त्या भागात हा धंदा मुख्यतः पारशी जमीनदारांकडे होता, म्हणून आज्ञेत त्यांचे नाव आले. पुढे त्यात गांधींचे नाव आणि खादीही आली.

गुत्ते ओस पडले. अबकारीचे उत्पन्न घसरले. मजूर मिळेनात म्हणून मालक हवालदिल झाले. एरवी दारूबंदीच्या कल्पनेने कुणाचे पित्त खवळत नाही, पण खरेच लोक प्यायचे थांबले की किती जणांचे पोट त्यावर चालले होते ते दिसते. कुणी त्यांना पुन्हा पाजण्यासाठी धाकदपटशाही केली.

हे टिकले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, पुष्कळ ठिकाणी टिकले नाही. साथ ओसरली, मासे तर लवकरच परत आले. दक्षिण गुजरातेत गावोगाव दोन तट पडले. ज्यांनी नेम पाळला ते ‘वरजेला’ आणि जे परत प्यायला लागले ते ‘सरजेला’. पण वरजेला राहिलेली घरे होती, आणि ती एकट्यादुकट्याच्या निर्धारावर टिकली नाहीत. अख्खा गट एकत्र होता म्हणून टिकली. कुठला सरकारी कायदा नव्हता, पोलीस नव्हते, डॉक्टर नव्हता. रोगराईच्या भीतीने का होईना, गरीब आणि निरक्षर माणसांनी एकत्र बसून ठरवले की आपले शरीर आणि आपले श्रम कुणाला लुटू द्यायचे नाहीत. अंगात येण्यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या घुमण्यातून जे बोलले गेले त्यात मला अंधश्रद्धा कमी आणि शहाणपण जास्त दिसते.

यानंतरचा इतिहास सरकारी दारूबंदीचा. १९३७ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. अबकारी खात्याचे मंत्री होते डॉ. मंचरशा गिल्डर. नामांकित हृदयरोगतज्ज्ञ आणि स्वतः पारशी! मद्यविक्रेत्यांत पारशांचा वाटा मोठा असताना, स्वसमाजाचा रोष पत्करून त्यांनी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. तीन महिन्यांत मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि बंदीही ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. बालसरा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी रद्द केली. ज्यांना प्रकृतीसाठी मद्य ‘आवश्यक’ आहे, त्यांच्यासाठी परवान्याची सोय होती. आपल्या आजच्या परवान्याचे मूळ तिथे आहे.

मग काय झाले, ते माझ्या वयाच्या वसईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही शाळकरी पोरे होतो, १९६० च्या आसपासची गोष्ट. खाडीलगतच्या तिवरांच्या झाडीत हातभट्ट्या लागत. काळा गूळ आणि नवसागर या दोन वस्तू किराणा दुकानातून कुठे जातात, हे लहान पोरांनाही ठाऊक होते. टायरच्या ट्यूबमध्ये भरलेली दारू रातोरात मुंबईकडे जाई. धाड पडायच्या आधी गावाला बातमी असे. ‘नवटाक’ हे वजनमापातले माप आम्ही पाढ्यांत घोकले, पण त्याचा दुसरा अर्थ नाक्यावर शिकलो! गुत्ता बंद झाला आणि शंभर भट्ट्या उघडल्या. बंदीने दारू गेली नाही, तिच्यावरची नजर मात्र गेली. आता तिच्यात काय घातले आहे, ते विचारायची सोय उरली नाही.

आणि याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली. हातभट्टीत भेसळ म्हणून मिथेनॉल मिसळले जाते. ते आपल्या नेहमीच्या मद्यार्काचे भावंड, दिसायला सारखेच. पण शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते. ते आधी डोळ्यांची नस जाळते, मग जीव घेते. बंदी सैल झाल्यावरही हे थांबले नाही, कारण गरिबाला स्वस्तच लागते. विक्रोळीत कित्येक माणसे गेली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक. त्यांत बहुतेक हातावर पोट असलेली.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाल्यावर साठीच्या दशकात बंदी सैल होऊ लागली. परवाने सोपे झाले. १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि गुत्ता राजरोस परत आला. कायद्याचे नाव तेच राहिले, पण खाते राज्य उत्पादन शुल्काचे झाले आणि तिजोरीत दरवर्षी हजारो कोटींची भर पडू लागली. म्हणजे १८७८ ला जिथून निघालो होतो, तिथेच आलो. फरक एवढाच की तेव्हा तिजोरी साहेबाची होती, आता आपली आहे.

आमच्या वालीवपुरते सांगतो. १९८० नंतर वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात कारखान्यांचे गाळे उभे राहिले. भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेडी आल्या. उत्तरेकडून, दक्षिणेकडून, आपल्याच मराठवाड्या-विदर्भातून कामगार आले. एकेका खोलीत आठ-आठ जण. गाळ्यांच्या मागोमाग बार आले. पगाराच्या दिवशी वर्गातली ठरावीक मुले अस्वस्थ असत, आणि दुसऱ्या दिवशी ती बाकावर डोके टेकून झोपत. उठवायचे नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. रात्री आईबरोबर ओट्यावर बसून काढलेल्या मुलाला पानिपतची कारणे विचारून काय उपयोग? दारूचा आरोग्यावर परिणाम म्हटले की आपण पिणाऱ्याच्या यकृताचा विचार करतो. न पिणाऱ्या त्या पोराची झोप कुणाच्या खात्यावर लिहायची?

आपल्या नात्यातलाही एक माणूस असाच गेला. नाव लिहीत नाही, वाचणारे जाणतातच. हुशार, हसरा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. चाळिशीतच पोटात पाणी झाले, डोळे पिवळे झाले. घरची माणसे ‘कावीळ झाली होती’ असे सांगत राहिली. पुढे त्याच्या मुलांनाही तेच सांगण्यात आले. मोठेपणी त्यातल्या एकाने मला विचारले, “काका, आमच्या घरात कावीळ आनुवंशिक आहे का हो?” हा प्रश्न ऐकल्यापासून मला वाटते, की रोगाचे खरे नाव न सांगणे हाही त्या रोगाचाच भाग आहे.

तर त्या मुलासाठी आणि त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांसाठी, वाचून आणि विचारून जे समजले ते साध्या शब्दांत लिहितो. आपण पितो ते मद्य पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जाते. यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते. हे विष आहे, आणि पेशींना इजा करते. मग त्याचे सौम्य पदार्थात रूपांतर होते. हे काम यकृत आपल्या गतीने करते, तासाला साधारण दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क, एवढेच. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. वर्षानुवर्षे भार पडला की यकृतात चरबी साठते, मग सूज येते, मग ते सुकून घट्ट होते. पहिल्या टप्प्यावर दारू थांबवली तर यकृत बऱ्याच अंशी सावरते. शेवटच्या टप्प्यावर ते पहिल्यासारखे होत नाही. आणि फसवणूक अशी की पहिल्या टप्प्यावर काही दुखत नाही.

यकृतावरच सगळे थांबत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच घातले. तंबाखू त्याच गटात आहे. रक्तदाब वाढतो. क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि दाटीवाटीच्या खोल्यांत हे किती महत्त्वाचे आहे ते सांगायला नको. २०१९ या एका वर्षात जगभरात मद्यपानामुळे सुमारे २६ लाख माणसे गेली, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्यांतले २० लाख पुरुष.

“पण थोडी घेतली तर हृदयाला बरी असते ना?” हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक समारंभात येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा ग्लास असतो! ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. १९९० च्या सुमारास फ्रेंच लोक आणि त्यांची रेड वाइन यांचा मोठा गाजावाजा झाला. थोडी पिणारे हे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असे काही अभ्यासांत दिसले. पुढे लक्षात आले की ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत कित्येक जण असे होते, ज्यांनी आजारी पडल्यामुळे पिणे सोडले होते. आजारी माणसांशी तुलना केली की कुणीही निरोगीच दिसणार! जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. अधूनमधून एक घोट घेणाऱ्याला धोका कमी आणि रोज पिणाऱ्याला जास्त, हे उघड आहे. पण ‘प्रकृती जपण्यासाठी’ हे जे आपल्या परवान्यामागचे कारण आहे, त्याला आज शास्त्रात आधार उरलेला नाही.

आता आजची गोष्ट. महाराष्ट्रात आडव्या बाटलीचे मतदान होते, हे तुम्ही वाचले असेल. गावातल्या महिलांनी मागणी केली की मतदान घेतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून अधिक महिलांनी आडवी केली की दुकान बंद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या साथीने लोकांनीच चळवळ उभी केली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चोरटी दारू तिथेही येतेच, पण गावेच ती अडवण्यासाठी उभी राहतात. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ साली उठवली गेली. बंदी असावी की नसावी यावर विद्वानांचे एकमत होणार नाही. मला इतिहासातून एवढेच दिसते, की जिथे आधी माणसांनी ठरवले आणि मग कायदा आला, तिथे तो तग धरतो. नुसता वरून आला की तिवरांत भट्ट्या लागतात.

अलीकडे ठाणे-रायगडकडच्या काही गावांनी हळदीच्या कार्यक्रमात दारू नको, असे ठराव केले. ही बातमी वाचून मला पालघरच्या त्या मांगेल्यांची आठवण झाली. अंगात कुणाच्या आले नाही, मांडव मात्र तोच! आपल्याकडे हळद म्हणजे काय झाले आहे, ते आपण सगळे जाणतो. यजमानाने खोके आणले नाहीत तर पाहुणे तोंड वाकडे करतात. कर्ज काढून पाजणारे बाप मी वालीवमध्येच पाहिले आहेत. लग्नगडी ही पद्धत गेली म्हणतात. मला कधी कधी शंका येते.

पुढच्या महिन्यात आपल्याच घरात हळद आहे. “लोक काय म्हणतील?” असे नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मला विचारले आहे. माझे उत्तर सगळ्यांसमोर इथे देतो. एकट्या घराने नाही म्हटले तर लोक बोलतील. आपली सगळी भावकी एकत्र नाही म्हणाली, तर बोलायला कोण उरणार? ज्याला घ्यायची त्याने त्याच्या घरी घ्यावी, तो त्याचा प्रश्न. पण मांडवात नको, पोरांच्या देखत नको आणि कर्ज काढून तर नकोच.

एक सूचना मात्र कळकळीची. ज्याला रोजची सवय आहे, अशा माणसाला हे वाचून कुणी एकदम कोंडून ठेवू नका. बऱ्याच वर्षांची दारू अचानक तुटली की हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमधून कित्येक माणसे परत उभी राहिली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईच्या उपनगरांत भरतात. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. बसायचे आणि खरे बोलायचे. एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून, हेच तत्त्व तिथेही आहे.

आणि ज्या पुतण्याने मला कावीळीचे विचारले होते, त्याला मी खरे काय ते सांगितले आहे. तो हळदीला येणार आहे. वाढप्यांत आपले नाव घाला म्हणाला. मी पहिल्या पंगतीला घातले आहे.

बाकी भेटीअंती बोलूच.